फोनवरचे कॉलेज

घरातले मूल बारावी झाले की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : “कॉलेजात कशाला धाडता? फोनवर शिकूनही पदवी मिळते.” सांगणारा खोटे सांगत नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर २०१७ पासून अभ्यासक्रम आहेत आणि २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तेथून घेण्याची मुभा दिली.

पण पालघर-बोईसरकडच्या घरांनी हा प्रकार २०२० साली पाहिलेला आहे. मार्चमध्ये कॉलेजे बंद पडली, तास फोनवर आले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या खेड्यांत शंभर घरांमागे जेमतेम पंधरा घरांत इंटरनेट होते. घरात फोन एक, शिकणारी भावंडे दोन, आणि तोच फोन वडील कामावर नेणार! जव्हार-मोखाड्याकडे तर रेंज शोधत टेकाड चढायचे. ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाची शेवटच्या वर्षाची परीक्षाही चार उत्तरांतून एक निवडण्याची झाली.

तरी फोनला सरसकट नावे ठेवू नका. वर्गात मास्तर एकदा सांगतात, फोनवर तेच दहादा ऐकता येते, एस.टी.चे भाडेही वाचते. इतिहास, अर्थशास्त्र याला ते चालून जाते. अडते ते प्रयोगशाळेत.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे, औषधांचे कारखाने आहेत. आपली मुले बी.एस्सी. करतात ती बहुधा तिथल्या लॅबवर नजर ठेवून. तिथे ब्युरेटमधून थेंब थेंब कॉस्टिक सोडा आम्लात सोडायचा. फिकट गुलाबी रंग टिकला की तोटी बंद. एक थेंब जास्त पडला की हिशेब चुकला. तो रंग फोनवर दिसतो, पण तोटीवरचा अंगठा तयार होत नाही. पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी नव्हे, हे पाठ असणे वेगळे आणि हाताला सवय असणे वेगळे. खिरणीच्या रोपावर चिकूचे कलम नुसते बघून कोणाला बांधता आले आहे?

म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विचारा : आठवड्याला प्रात्यक्षिके किती? एका ब्युरेटमागे मुले किती? फोनवरच्या तासात मुलांना मध्येच शंका विचारता येते का? मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या, आणि प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा.