शल्यविद्येतील श्रमविभाग आणि तालुक्याचा रुग्ण

सामान्य शल्यचिकित्सेची एम. एस. पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण डॉक्टर आज स्वतःला पुरता शल्यविशारद मानीत नाही, आणि समाजही त्याला तसे मानीत नाही. एम. बी. बी. एस.ची साडेपाच वर्षे, एम. एस.ची तीन आणि त्यानंतर मूत्ररोग, जठरांत्र, कर्करोग किंवा प्लास्टिक शल्यचिकित्सा यांसारख्या एखाद्या उपशाखेतील एम. सीएच.ची आणखी तीन, अशी साडेअकरा वर्षे शिक्षणातच जातात. त्यावर एखाद्या मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची वा अवयवरोपणाची फेलोशिप केली की मगच शिक्षण पूर्ण झाले, अशी समजूत दृढ होत चालली आहे. प्रवेश परीक्षांच्या तयारीत आणि सेवाबंधात जाणारा काळ यात जमेस धरला, तर स्वतंत्र व्यवसायाचा आरंभ पस्तिशीच्या आसपास होतो. हा केवळ डॉक्टरांच्या घरगुती विवंचनेचा विषय नव्हे. या शिक्षणाचा मोठा भार सरकारी आणि महापालिकांच्या रुग्णालयांवर, म्हणजे अखेर करदात्यावर पडतो. म्हणून त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार सर्वांनाच आहे.

विशेषज्ञतेचे देणे

उपशाखांच्या प्रशिक्षणाला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉलस्टेड यांनी शल्यचिकित्सकांच्या निवासी प्रशिक्षणाची पद्धत घालून दिली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या कुशिंग यांनी पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्ये हृदयरोपणाची शस्त्रक्रिया केली, ती एका सार्वजनिक अध्यापन रुग्णालयात वर्षानुवर्षे जोपासलेल्या विशेष कौशल्याच्या बळावरच. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत जे कार्य केले, तेही एकाच क्षेत्रावर लक्ष एकाग्र केल्यामुळे. स्वादुपिंड किंवा अन्ननलिका यांवरील अवघड शस्त्रक्रिया जेथे नित्य होतात, तेथे रुग्ण दगावण्याचे प्रमाण कमी असते, हे आता सर्वमान्य आहे.

तथापि, श्रमविभागाचे गुण सांगणाऱ्या ॲडम स्मिथने १७७६ मध्येच त्याची मर्यादाही सांगून ठेवली आहे. श्रमविभाग किती पुढे न्यायचा, हे बाजारपेठेच्या विस्तारावर ठरते. शहरातला कारागीर एकाच कामावर पोट भरू शकतो. दूरच्या एकाकी वस्तीतील माणसाला अनेक कामे स्वतःलाच करावी लागतात. मुंबई-पुण्यात केवळ यकृतावर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला पुरेसे रुग्ण मिळतील. अक्कलकुवा किंवा भामरागड येथे ते मिळणार नाहीत. तेथे हवा असतो तो फुटलेले आंत्रपुच्छ काढणारा, आतड्याचा पीळ सोडवणारा, अपघातात पोटात होणारा रक्तस्राव थांबवणारा आणि अडल्या वेळी सिझेरियनलाही हात घालणारा शल्यचिकित्सक. जागतिक शल्यसेवेसंबंधीच्या लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये रुग्णालयाची पारख करण्यासाठी तीनच शस्त्रक्रिया निवडल्या: सिझेरियन, पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार. या तिन्ही सोयी किमान ८० टक्के लोकसंख्येला दोन तासांच्या आत मिळाव्यात, अशी त्या आयोगाची अपेक्षा होती.

ही अपेक्षा आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील अंतर मोठे आहे. केंद्र शासनाच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार, देशातील ग्रामीण भागातील सामूहिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना ग्रामीण रुग्णालये म्हणतात त्या पातळीवर, आवश्यकतेच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची तूट सुमारे ८३ टक्के होती. म्हणजे जेथे सहा शल्यचिकित्सक हवेत, तेथे जेमतेम एक होता.

मागणी कोणाची?

उपशाखांची निवडही समाजाच्या गरजेनुसार होत नाही. २०१७ पासून या अभ्यासक्रमांचे प्रवेश एका अखिल भारतीय परीक्षेतून होऊ लागले. खाजगी व्यवसायात चांगले उत्पन्न देणाऱ्या शाखांच्या जागांवर उड्या पडतात. उलट हृदय-वक्ष आणि बालशल्यचिकित्सा यांच्या अनेक जागा फेऱ्यांमागून फेऱ्या घेऊनही रिकाम्या राहिल्या आणि त्यांसाठी पात्रतेची अट खाली आणावी लागली. लहान मुलांवरील शस्त्रक्रियेची गरज कमी झाली, असा याचा अर्थ नव्हे. गरज आणि क्रयशक्तीचे पाठबळ असलेली मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते.

याचा दुसरा परिणाम अध्यापन रुग्णालयांच्या आतच दिसतो. एकेक शाखा स्वतंत्र होत गेली, तसतसा सामान्य शल्यचिकित्सा विभागाचा मुलूख आकसत गेला. मूतखडा मूत्ररोग विभागाकडे जातो, पित्तनलिका जठरांत्र विभागाकडे, भाजलेला रुग्ण प्लास्टिक शल्यचिकित्सेकडे. तेथे एम. सीएच.चा विद्यार्थी शस्त्रक्रिया शिकत असतो, आणि एम. एस.च्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा साहाय्यकाचे काम येते. अशा रीतीने तीन वर्षे काढलेल्या तरुणाला एकट्याने तालुक्याचे शस्त्रक्रियागृह चालवण्याचा आत्मविश्वास कोठून यावा? तो पुढच्या परीक्षेची पुस्तके उघडतो, यात त्याचा दोष कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे. अमेरिकेतही सामान्य शल्यचिकित्सेचे बहुसंख्य पदवीधर पुढे फेलोशिपकडे वळतात. पण तेथे मूळ प्रशिक्षणच पाच वर्षांचे आहे.

सक्तीपलीकडचा मार्ग

यावर शासनांनी शोधलेला उपाय म्हणजे सेवाबंध. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो वैध ठरवला आणि त्याबाबत देशभर एकसारखे धोरण असावे, असेही सुचवले. तत्त्वतः त्यात वावगे काही नाही. समाजाच्या पैशाने शिकलेल्याने समाजाची काही काळ सेवा करावी, हे न्याय्यच आहे. परंतु जेथे भूलतज्ज्ञ नाही, रक्तपेढी नाही आणि उपकरणेही नाहीत, तेथे धाडलेला तज्ज्ञ वर्षाचे दिवस मोजण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

त्याहून फलदायी मार्ग उपलब्ध आहेत. तामिळनाडूने अतिविशेष अभ्यासक्रमांच्या निम्म्या जागा शासकीय सेवेतील डॉक्टरांसाठी राखल्या आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीचे प्रवेश तसे करण्यास मुभा दिली. जिल्ह्यात काही वर्षे काम केलेल्याला उच्च शिक्षणाचे दार उघडे राहिले, तर जिल्ह्यात जाणे ही शिक्षा उरत नाही. एम. एस.च्या विद्यार्थ्यांना २०२१च्या तुकडीपासून तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. हीच अट एम. सीएच.च्या विद्यार्थ्यांना, आणि पाळीपाळीने त्यांच्या शिक्षकांनाही लागू करता येईल. अध्यापन रुग्णालयांनी ठरावीक संख्येच्या शस्त्रक्रिया एम. एस.च्या विद्यार्थ्याने स्वहस्ते केल्याची खात्री करून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न प्रतिष्ठेचा आहे. जिल्हा पातळीवरील शल्यसेवा हीच एक उपशाखा मानावयास काय हरकत आहे? अपघात, अडलेले बाळंतपण, अस्थिभंग आणि मूत्रमार्गातील तातडीच्या अडचणी हाताळण्याचे दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन, त्या पात्रतेला एम. सीएच.च्या बरोबरीचे वेतन आणि बढती द्यावी. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने पूर्वी ग्रामीण शल्यचिकित्सेचा अभ्यासक्रम काढला होता, पण तो मुख्य प्रवाहात आला नाही. पदवीमागे पद आणि पगार नसेल, तर नुसत्या अभ्यासक्रमाने माणसे येत नाहीत.

खेड्यातील रुग्णाला दुय्यम शल्यचिकित्सक का द्यावा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु अनेक अवयवांची जाण असलेला माणूस दुय्यम ठरतो, हीच मुळात चुकीची समजूत आहे. यकृतरोपणाचा तज्ज्ञ देशाला हवा आहेच. मात्र फुटलेल्या आतड्याचा रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचेतो जिवंत राहत नसेल, तर शिक्षणावरील खर्चाचा ताळेबंद जुळला, असे म्हणता येणार नाही. अतिविशेष जागा किती वाढल्या, हे शासन दरवर्षी अभिमानाने सांगते. आता त्यासोबत कोणत्या तालुक्यात शल्यचिकित्सक नाही, याचीही यादी त्याने प्रसिद्ध करावी.