सारखं आणि तेच

'सारखं' आणि 'तेच' हे मराठीतले दोन वेगळे शब्द. जुळ्या बहिणींची लुगडी सारखी असतात, एकच नसतात. मराठीच्या तासाला हा फरक मी दरवर्षी सांगतो. आमच्याकडे बी.सी.ए.ची मुलं जावास्क्रिप्ट शिकतात, त्यांच्यापुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

वेबपानांना हालतंबोलतं करणारी ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. दोन गोष्टी जुळतात का, हे पाहायला तिच्यात दोन चिन्हं आहेत. '==' हे सैल. '===' हे कडक; ते १९९९ च्या प्रमाण आवृत्तीत आलं. फॉर्मच्या चौकटीत आपण सात लिहिला, तरी संगणकाच्या हाती पडतो तो मजकूर, संख्या नव्हे. सैल चिन्ह गुपचूप त्याची संख्या करून घेतं आणि 'जुळलं' म्हणतं. कडक चिन्ह आधी प्रकार पाहतं. मजकूर आणि संख्या म्हटलं की 'नाही जुळलं'.

सैल चिन्ह सोयीचं वाटतं ना? पण वाचकहो, गुणांचा फॉर्म डोळ्यांपुढे आणा. एका मुलाला शून्य मिळालं. दुसरा तापानं अंथरुणाला खिळला होता, म्हणून त्याची चौकट रिकामी. सैल चिन्हानं ही रिकामी चौकट शून्याशी ताडून पाहिली, तर उत्तर येतं, 'जुळलं'! पेपरला न बसलेलं पोर शून्य गुणांच्या यादीत जाऊन बसतं.

बरं, सैल म्हणजे समजूतदार असंही नाही. कोहिनूरसारख्या आपल्या सीमेवरच्या गावात सातचा आकडा मराठीत लिहा, कन्नडात लिहा, इंग्रजीत लिहा. माणसाला तो सातच. जावास्क्रिप्ट मात्र मजकुराची संख्या करताना फक्त इंग्रजी आकडे ओळखते. मराठी किंवा कन्नड सात तिच्या सैल चिन्हालाही सात वाटत नाही.

तेव्हा मुलांनो, रिकामी चौकट आधी बाजूला काढा. उरलेल्या मजकुराची संख्या स्वतः करून घ्या, आणि मगच कडक चिन्हानं ताडून पाहा. कोण गैरहजर आणि कोण नापास, हे यंत्राच्या अंदाजावर सोडू नये. त्या चौकटीमागं एका लेकराचं वर्ष असतं.