बॅरोचा अंधार आणि वाचकांचं भांडण

अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला बॅरो नावाचं गाव. हिवाळ्यात तिथे एकदा सूर्य मावळला की कित्येक दिवस उगवत नाही. व्हॅम्पायरला भीती काय ती उन्हाची. मग त्यांनी नेमक्या याच गावावर धाड घातली तर? स्टीव्ह नाइल्सची ही कल्पना दोन वाक्यांत सांगून होते आणि ऐकणारा सावरून बसतो. तरीही चित्रपटवाल्यांनी ती आधी नाकारली होती. शेवटी 2002 मध्ये सॅन डिएगोच्या आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने ती तीन अंकांच्या कॉमिकच्या रूपात काढली. चित्रं होती ऑस्ट्रेलियाच्या बेन टेम्पलस्मिथची आणि नाव ‘थर्टी डेज ऑफ नाइट’. पुढे तिन्ही अंकांचं एकत्र पुस्तक झालं, ते गाजलं, चित्रपटवाले परत आले आणि 2007 मध्ये डेव्हिड स्लेडने त्यावर चित्रपटही केला.

पुस्तकाला 20 वर्षं उलटून गेली, तरी वाचकांचं त्यावर एकमत नाही. एकाला ते आधुनिक भयकथेतला मैलाचा दगड वाटतं, तर दुसरा ते अर्ध्या तासात वाचून संपवतो आणि विचारतो, एवढंच? नाराज वाचकांच्या तक्रारी पाहिल्या तर त्या फिरून फिरून दोनच जागी येतात. कल्पना मोठी, पण गोष्ट तोकडी, ही पहिली. चित्रांत काय चाललंय तेच समजत नाही, ही दुसरी. या दोन तक्रारी सहसा एका दमात केल्या जातात आणि तिथेच पुस्तकावर अन्याय होतो. पहिली तक्रार खरी आहे. दुसरीत मात्र पुस्तकाची खरी ताकदच दोष म्हणून मोजली जाते.

आधी चित्रांकडे पाहू. गोष्ट सुरू होते ती एबन आणि स्टेला या शेरीफ जोडप्यापासून. गावाबाहेर बर्फात त्यांना एक खड्डा सापडतो आणि त्यात गावातून चोरीला गेलेले मोबाइल फोन जाळून टाकलेले असतात. त्या वर्षीचा शेवटचा सूर्य मावळतीला आलेला आहे. अजून एकही व्हॅम्पायर दिसलेला नाही, रक्ताचा थेंब सांडलेला नाही. पण गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध कुणीतरी विचारपूर्वक तोडलाय, हे त्या जळक्या ढिगाऱ्यावरून कळतं. धोक्याची चाहूल इतक्या थोडक्यात आणि इतक्या साध्या वस्तूतून देणारी सुरुवात भयकथेत क्वचित सापडते.

इथून पुढे टेम्पलस्मिथ पानावरचा उजेड काढून घेतो. त्याचा बर्फ पांढरा नाही; निळसर, करडा, डाग पडलेला आहे. रेषा ओरखड्यांसारख्या. माणसांचे चेहरे अर्धवट, कडा विरघळलेल्या. शाई, रंग आणि संगणकावरचं काम यांचे थर एकमेकांवर असे चढतात की चौकटीत माणूस कुठे संपला आणि रात्र कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. या धूसर पानांवर ठसठशीत असतात त्या दोनच गोष्टी, व्हॅम्पायरचे दात आणि लाल रंग. जबडे चेहऱ्याच्या मानाने अवाढव्य, दात सुयांसारखे बारीक आणि मोजता येणार नाहीत इतके. डोळ्यांत बघावं तर तिथे माणसाची ओळख पटावी असं काही नाही. ड्रॅक्युलाचं रुबाबदार, सरदारी रूप इथे पार निघून गेलंय. उरलाय तो फक्त भुकेला कळप.

असं चित्र वाचताना वाचक अडखळतो. हा हात कुणाचा, पडला तो कोण, खिडकीत दिसली ती सावली की माणूस, हे दोनदा पाहावं लागतं. गावकऱ्यांचीही अवस्था तीच आहे. त्यांनाही नीट दिसत नाही, त्यांनाही ओळखायला उशीर होतो आणि तो उशीर त्यांच्या जिवावर बेततो. हीच चित्रं स्वच्छ रेषेची, भरपूर उजेडाची असती तर वाचक सुरक्षित अंतरावरून मजा पाहत बसला असता. टेम्पलस्मिथ ते अंतरच शिल्लक ठेवत नाही.

मराठी वाचकाला ही रीत जास्त खटकते, आणि त्याला कारण आहे. त्याची चित्रकथेची सवय ‘अमर चित्र कथा’ आणि इंद्रजाल कॉमिक्सवर पोसलेली. 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’त चेहरा स्पष्ट, पोशाखावरून माणूस ओळखू येणारा, चौकटीवरच्या मजकुरात प्रसंग सांगितलेला. चित्राने गोष्टीची सेवा करायची आणि वाचकाने कुठेही अडू नये, हा तिथला शिरस्ता. लहान मुलांना पुराण आणि इतिहास सांगण्यासाठी तो योग्यच होता आणि त्याने पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. पण त्याच मापाने भयचित्रकथा मोजली की चुकतं. इथे चित्र गोष्टीच्या मागून चालत नाही. गोष्टीतला बराचसा भाग चित्रातच आहे आणि संवादाचे फुगे फक्त वाचून पुढे गेलेल्या वाचकाने निम्मं पुस्तक वाचलेलंच नसतं.

पहिली तक्रार मात्र या पुस्तकाच्या चाहत्यांनी मनावर घ्यायला हवी. नावात 30 रात्री आहेत, पण पुस्तक त्यांतल्या बहुतेक रात्री ओलांडून जातं. हल्ला होतो, गाव कापलं जातं आणि पाहता पाहता मूठभर वाचलेली माणसं तळघरात दडलेली दिसतात. मधले दिवस कसे काढले? कुणाचा धीर सुटला, अन्न किती उरलं, रडणाऱ्याला गप्प कसं केलं? महिनाभराच्या वेढ्याची गोष्ट सांगायची तर ही माहिती शोभेची नव्हे, गोष्टीचा कणाच आहे. ती जागा जाते न्यू ऑर्लिन्समधल्या एका माय-लेकाच्या उपकथानकाला. व्हॅम्पायरांचे निरोप ती मध्येच पकडतात आणि मुलगा पुरावा चित्रित करायला थेट बॅरोवर येतो. वाचकाला वाटतं, हा धागा पुढे कुठेतरी मुख्य गोष्टीत गुंफला जाईल. पण तो लोंबकळतच राहतो. चित्रपटाने हा भाग सरळ वगळला आणि वाचलेल्यांच्या लपण्याला वेळ दिला. एवढ्यापुरता तरी तो मूळ पुस्तकापेक्षा शहाणा निघाला.

भूगोलावरून होणारी टीका मात्र फारशी टिकत नाही. खऱ्या बॅरोत सूर्य 30 नव्हे, साधारण 65 दिवस उगवत नाही; नोव्हेंबरच्या मध्यानंतर मावळतो तो जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो. त्या काळातही दुपारच्या सुमाराला काही तास संधिप्रकाश असतो. गावाला जोडणारा रस्ता नाही हे खरं, पण विमानं हिवाळ्यातही येतात. हे सगळं लेखकाने वाकवलंय आणि तो त्याचा हक्कच आहे. अहो, ऊन लागताच व्हॅम्पायर मरतो हा नियमसुद्धा ब्रॅम स्टोकरचा नाही. 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत काउंट दिवसाही फिरतो, फक्त त्याची शक्ती उणावते. उन्हाने मरणारा व्हॅम्पायर रुजला तो 1922 च्या ‘नॉसफेराटू’ या मुर्नाऊच्या मूकपटापासून. भयकथा अशीच उधार घेत, बदल करत वाढते.

ज्याची खरोखर टोचणी लागावी ते वेगळंच आहे. बॅरो हे इनुपियात लोकांचं गाव. आजही तिथे त्यांचीच संख्या सर्वाधिक आहे. व्हेलची शिकार हा त्यांच्या सामूहिक जगण्याचा गाभा आहे. 2016 मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून गावाचं जुनं नाव, उत्कियाग्विक, परत घेतलं. कॉमिकमधल्या जोडप्याचं ओलेमॉन हे आडनाव याच लोकांतलं आहे, म्हणजे नाइल्सला या लोकांची जाणीव होती. पण त्या आडनावापलीकडे त्यांचं जगणं पानावर जवळजवळ येत नाही. लांब रात्रीत शतकानुशतकं राहिलेली माणसं अंधाराला घाबरतील कशी आणि त्याच्याशी लढतील कशी, हा प्रश्न या पुस्तकाला किती समृद्ध करून गेला असता! चित्रपटाने तर आडनावच बदलून ओलेसन केलं आणि एबनची भूमिका जॉश हार्टनेट या गोऱ्या अभिनेत्याला दिली. वाचकांनी याबद्दल बोललंच पाहिजे.

आणि वाचकांना असं बोलता येतं, हे मोलाचं आहे. 1954 मध्ये अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने आणि सिनेटच्या सुनावणीने कॉमिकविरुद्ध असं काही वातावरण तापलं की प्रकाशकांनी स्वतःहून ‘कॉमिक्स कोड’ ही नियमावली लादून घेतली. तीत व्हॅम्पायर नावानिशी बाद झाले. भयकथेत काय चांगलं आणि काय वाईट, हे तेव्हा वाचकाला कुणी विचारलं नाही. 1971 मध्ये नियम सैल झाले आणि पुढच्याच वर्षी मार्व्हलने ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ सुरू केलं. 1979 पर्यंत त्याचे 70 अंक निघाले. त्यात ‘टोम्स टु द टूम’ नावाचं वाचकांच्या पत्रांचं सदर असे. सतरा वर्षं ज्या विषयाला दार बंद होतं, त्याच विषयावर वाचक आता छापील पानावर मत देत होते. ‘थर्टी डेज’वर आज घातले जाणारे वाद त्याच परंपरेतले आहेत, आणि कडक मतांनी या पुस्तकाचं काही बिघडलेलं नाही.

मराठीत छोटं गाव आणि त्याला एकेक करून गिळणारा रक्तपिपासू ही मांडणी अनोळखी नाही. नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचलेल्यांना ती ठाऊक आहे. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’शी तिचं नातं जाणकार वाचक नेहमी सांगतात. धारप वाचकाला आधी गावात राहायला लावतात, माणसांची सवय करून देतात आणि मग एकेक दार बंद करत जातात. ‘थर्टी डेज’मध्ये ज्याची उणीव भासते ती नेमकी हीच सवय. उलट टेम्पलस्मिथच्या पानासमोर थांबल्यावर जे होतं, ते शब्दांतून साधणं फार अवघड.

मराठीत प्रौढ वाचकांसाठी चित्रकथा करू पाहणाऱ्या लेखक-चित्रकारांनी हे पुस्तक म्हणूनच जवळ ठेवावं. धारपांसारखी सावकाश भरत जाणारी भीती आणि असा निर्भीड चित्रकार एकत्र आले, तर काय उभं राहील याची कल्पना त्यातून येते. नव्या वाचकाने ते फोनच्या पडद्यावर वाचू नये. तिथे ही गडद पानं चिखल होतात. छापील प्रत घ्यावी, चांगल्या दिव्याखाली बसावं, पहिल्यांदा गोष्टीसाठी वाचावं आणि दुसऱ्यांदा फुग्यांकडे न बघता फक्त चित्रं पाहत जावं. पुढचे भाग, ‘डार्क डेज’ आणि ‘रिटर्न टु बॅरो’, हवे असतील तर त्यांतला दुसरा आधी हातात घेतला तरी चालेल. तो पुन्हा त्याच गावात जातो, आणि पहिल्या पुस्तकात घाईत मागे पडलेल्या गावकऱ्यांना तिथे थोडी जास्त जागा मिळते.