दाराशी येणारा मासा

घराचे मागचे दार उघडावे, हिरवळीवरून दहा पावले चालत जावे आणि खाऱ्या पाण्यात गळ सोडून बसावे, हे सुख आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्यास येते. कोकणातील खाडीकाठची काही घरे किंवा केरळातील कायलाकाठची घरे सोडली, तर आपल्याकडे मासे धरावयास जाणे म्हणजे घरापासून दूर जाणेच असते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मात्र अशी घरे हजारोंनी आहेत. त्या घरांच्या पायथ्याशी वावरणाऱ्या माशांची ओळख आज करून घेऊ; त्यांतील एकाचा आप्त आपल्याही परिचयाचा आहे.

उदाहरणादाखल केप कोरल हे गाव घ्यावे. १९५७ साली लिओनार्ड आणि जॅक रोझेन या दोघा भावांनी कॅलूसाहॅची नदीच्या मुखाजवळची जमीन विकत घेऊन तेथे वसाहत उभारण्यास आरंभ केला. दलदलीत कालवे खणावयाचे, निघालेली माती दोन्ही काठांवर टाकून जमीन उंच करावयाची आणि तिचे तुकडे पाडून विकावयाचे, असा तो व्यवहार होता. आज तेथील कालव्यांची एकूण लांबी ४०० मैलांहून, म्हणजे सुमारे ६४० किलोमीटरांहून, अधिक आहे. काही कालवे गोड्या पाण्याचे आहेत. जे नदीला आणि समुद्राला जोडलेले आहेत, त्यांत भरती-ओहोटी खेळते. घरामागची माती ढासळू नये म्हणून काँक्रीटची उभी भिंत, आणि भिंतीपुढे होडी बांधण्यासाठी लाकडी खांबांवर ठोकलेल्या फळ्यांचा मंच, अशी सर्वसाधारण रचना असते. या मंचाला इंग्रजीत ‘डॉक’ म्हणतात. कोशात त्यासाठी ‘गोदी’ हा शब्द सापडेल. पण गोदी म्हटली की डोळ्यांपुढे आगबोट उभी राहते. भाऊच्या धक्क्याने रूढ केलेला ‘धक्का’ हाच शब्द आम्हांस बरा वाटतो. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. येथे ते एका मीटराच्या आतच हलते. म्हणूनच घरापासून दहा पावलांवर असा धक्का बांधणे सोयीचे पडते.

अशा धक्क्यावर प्रथमच बसणारा मनुष्य गळ होईल तितका दूर, कालव्याच्या मध्यावर फेकतो. मासा मात्र बहुधा त्याच्या पायांखालीच असतो. कालव्याच्या मध्यभागी चिखलाचा उघडा तळ. तेथे ना आसरा, ना अन्न. भिंतीवर आणि खांबांवर मात्र कठीण कवचाचे बार्नेकल बसतात, कालवे बसतात (कालव्यांत कालवे! अनुवादकाची अशी कोंडी मराठीच करू जाणे), त्यांच्या फटींत बारीक खेकडे व कोळंबी राहतात, आणि त्यांच्यामागे मासे येतात. म्हणून जाणता माणूस गळ भिंतीला समांतर, तिच्यापासून हात-दोन हात अंतरावर सोडतो. हिवाळ्यात ‘शीप्सहेड’ नावाचा काळ्या उभ्या पट्ट्यांचा मासा खांबांवरचे बार्नेकल कुरतडताना दिसतो. त्याचे दात पाहिले की माणसाच्या कवळीची आठवण होते. छोटा खेकडा गळाला लावून खांबालगत सरळ खाली सोडला, तर तो येतो. पण आमिष इतक्या हलक्या हाताने चोरतो की गळ रिकामा झाल्याचे कळण्यास वेळ लागतो. आपल्या तांबोशीचा एक भाऊबंदही या खांबांतून फिरत असतो.

खरी मौज रात्री. पुष्कळ घरवाले धक्क्यावर किंवा पाण्याखाली दिवा लावतात. उजेडाला सूक्ष्म जीव जमतात, त्यांना खावयास कोळंबी व लहान मासे येतात, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून उजेड व अंधार यांच्या सीमेवर, अंधाराच्या बाजूने, स्नूक उभा असतो. उतरते कपाळ, पुढे आलेला खालचा जबडा, आणि अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जणू शाईने ओढलेली एक काळी रेघ. त्याचे तोंड प्रवाहाकडे असते. जे वाहत येईल ते खावयाचे, ही त्याची रीत. म्हणून जिवंत कोळंबी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून आपोआप वाहत येऊ द्यावी लागते. ओढली तर तो हलत नाही. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी स्तब्ध झाले की त्याची भूकही मंदावते. गळ लागताच तो खांबांकडे धाव घेतो आणि कवचांवर घासून दोरी तुटते. शिवाय त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. पूर्वी त्याला साबणमासा म्हणून हिणवीत, कारण कातडीसकट शिजवला तर चव साबणासारखी लागते. कातडी काढून शिजवू लागल्यावर तोच मासा इतका आवडू लागला, की १९५७ सालीच, म्हणजे केप कोरलचा पाया पडला त्याच वर्षी, फ्लॉरिडाने त्याच्या विक्रीस बंदी केली. स्वतः गळाने धरावा आणि घरी खावा, एवढीच मुभा उरली.

आता तो आप्त. रायगडच्या वाचकांना जिताडा माहीत आहे. गोव्यात तो चोणक, बंगालमध्ये भेटकी, केरळात काळांजी, तमिळनाडूत कोडुवा, आंध्रात पंडुगप्पा. काही दशकांपूर्वीपर्यंत शास्त्रज्ञ स्नूक आणि जिताडा यांना एकाच कुळात घालीत. आता कुळे वेगळी मानतात, पण साम्य उघड आहे. दोघेही गोड्या आणि खाऱ्या पाण्यात सारख्याच सहजतेने वावरतात, दोघेही आडोशाला दबा धरतात. सर्वांत विलक्षण साम्य असे, की दोघेही आयुष्याच्या आरंभी नर असतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले बहुतेक मादी होतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली जिताड्याची बंदिस्त जागेत पैदास साधली, तेव्हा लहान नर आणि थोराड माद्या असे दोन्ही वयांचे मासे तिला बाळगावे लागले.

याचा अर्थ धक्क्यावर बसलेल्या गृहस्थाने नीट समजून घ्यावयास हवा. शेजाऱ्यांना दाखवावा असा जो सर्वांत मोठा मासा, ती बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते. म्हणून फ्लॉरिडाचा नियम दुहेरी आहे: फार लहान मासा ठेवावयाचा नाही आणि फार मोठाही ठेवावयाचा नाही. पश्चिम किनाऱ्यावर २८ ते ३३ इंच, पूर्वेस २८ ते ३२ इंच, तोही माणशी दिवसाला एकच, आणि प्रजननाच्या उन्हाळी महिन्यांत मुळीच नाही. केवळ लहान मासा वाचवणाऱ्या नियमापेक्षा हा आम्हांस अधिक शहाणा वाटतो. सोडून देणे मात्र वाटते तितके सोपे नाही. भिंत उंच असते. दोरीला लोंबकळत मासा वर ओढला तर त्याच्या जबड्याला आणि आतल्या अवयवांना इजा होते. लांब दांड्याची जाळी, ओले हात, मासा आडवा धरणे आणि शक्य तितक्या लवकर पाण्यात परत ठेवणे, एवढे पथ्य पाळले तर तो जगतो.

नियम पाळूनही मासा राहीलच, असे नाही. जानेवारी २०१० मध्ये फ्लॉरिडात इतकी थंडी पडली की उबदार पाण्याचा हा मासा मोठ्या संख्येने मेला. पश्चिम किनाऱ्यावर तो घरी नेण्यास ऑगस्ट २०१३ अखेरपर्यंत मनाई होती. ती आपत्ती आकाशातली. दुसरी घरमालकांच्या अंगणातली आहे. स्नूकची पिल्ले कांदळाच्या मुळ्यांत, उथळ पाण्यात वाढतात; आणि हे कालवे खणताना पुष्कळ ठिकाणी तेच कांदळवन गेले. उभी भिंत मोठ्या माशाला आसरा देते, बोटभर पिल्लाला देत नाही. म्हणजे धक्क्याशी दिसणारा मासा बहुधा दुसरीकडे, भिंत नसलेल्या काठाला वाढून आलेला असतो. त्यात हिरवळीला घातलेले खत पावसाबरोबर कालव्यात उतरते. २०१८ च्या उन्हाळ्यात केप कोरलच्या काही कालव्यांवर निळ्या-हिरव्या शेवाळाचा जाड, दुर्गंधीयुक्त थर साचला होता. ओकीचोबी सरोवरातून नदीत सोडलेले पाणी हे त्याचे मोठे कारण, हे खरे. पण घरोघरचे खतही निर्दोष नव्हते. त्या जिल्ह्यात, ली काउंटीत, १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळ्यात हिरवळीला नत्र वा स्फुरदयुक्त खत घालण्यास बंदी आहे.

फ्लॉरिडात काही घरमालक धक्क्याखाली कालवांच्या रिकाम्या शिंपल्या तारेत ओवून टांगून ठेवतात. त्यांवर नवी कालवे बसतात, पाणी गाळतात, आणि शिंपल्यांच्या सांदीत पिल्लांना लपावयास जागा होते. कोणी भिंतीच्या पायाशी दगडांची उतरती रास घालून तीत कांदळाची रोपे रुजू देतात. ती वाढली की छाटण्यावरही तेथे १९९६ च्या कायद्याची बंधने आहेत. त्यामुळे घरातून समुद्र दिसण्याचे सुख थोडे कमी होते, आणि त्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत कुरबूरही होते.