मोटर जळाल्यावर जाग कशाला?

उन्हाळी भाजीच्या दिवसांत मुरबाड-शहापूरकडे फिरताना एक रडगाणं हमखास कानावर येतं. रात्री एक फेज गेला, ऑटोवर टाकलेली मोटर नुसती गुरगुरत राहिली आणि सकाळी वाइंडिंग खाक. मोटर भरून येईपर्यंत भेंडी-काकडी माना टाकतात. पेटी उघडून बघावी, तर सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असतो, पण तारा जोडून तो 'डायरेक्ट' केलेला! का, तर "सारखा बंद पडतो साहेब." तो बंद पडत नव्हता, मोटर वाचवत होता. हे कोणी समजावलंच नाही.

गेल्या महिन्यात कोलशेतला बहिणीकडे गेलो होतो. जिथं एके काळी भाताची खाचरं होती तिथं आज टॉवर उभे आहेत. भाचा नववीत. म्हणाला, "मामा, गंमत बघा." बादलीत दोन तारा सोडल्या, पाणी तारांना टेकलं आणि बझर वाजला. सगळा कारभार नऊ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर एवढ्यावर. पाण्यातून जाणारा बारीकसा प्रवाह ट्रान्झिस्टरला इशारा देतो आणि तो बझरचा मोठा प्रवाह सोडतो. लहान इशाऱ्यावर मोठं काम, हेच तुमच्या स्टार्टरमधला रिलेही करतो. पोराच्या टाकीचं पाणी वाचेल, आपली मोटर वाचेल. विद्या एकच.

कोणी म्हणेल, ही शहरातल्या पोरांची चैन आहे. तसं नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली खेड्यातली पोरं तिथं हातानं काम करत शेती, वर्कशॉप, वीज शिकली. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं त्याच पाबळला फॅब लॅब उभी राहिली. मुंबईच्या आधी पाबळला, हे ध्यानात घ्या.

सुरुवात कशी करावी? महागडं किट आधी घेऊ नका. बॅटरी, एलईडी, थोडे रेझिस्टर आणि एक साधा मल्टिमीटर पुरे. पहिला हिशेब असा: बॅटरी 9 व्होल्ट, लाल एलईडी साधारण 2 व्होल्ट खातो, उरले 7. प्रवाह 20 मिलिअँपिअर हवा, तर 7 भागिले 0.02 म्हणजे 350 ओहम. बाजारात 390 चा मिळतो, तो लावा. रेझिस्टर न लावता एक एलईडी मुद्दाम जाळून बघा. दोन-तीन रुपयांत जो धडा मिळतो, तोच मोटरीवर हजारोंना पडतो. हात बसला की मग अर्डुइनोसारखा बोर्ड घ्या आणि मातीतला ओलावा मोजा. पण आकडा दिसला म्हणून लगेच पाणी सोडू नका. मूठभर माती दाबून बघा आणि आकडा तिच्याशी ताडून घ्या. उघड्या पट्ट्यांचे सेन्सर मातीत लवकर गंजतात, मग खोटं बोलतात.

एक गोष्ट बजावून सांगतो. शिकणाऱ्यानं बॅटरीवरच राहावं. पंपाच्या पेटीत 415 व्होल्ट असतात, तिथं परवानाधारक वायरमनच हवा. पोरानं खराबी ओळखावी, हात घालू नये.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांना विनंती. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना 20 लाखांपर्यंत अनुदानाची योजना आली. पण एका शाळेत मी स्वतः बघितलं, किट कपाटात कुलूपबंद. "मोडलं तर भरून कोण देणार?" म्हणे. मोडू द्या की! बियाणं कणगीत ठेवून पीक येत नसतं. जिथं लॅब नाही तिथं ग्रामपंचायतीनं एक टेबल, दोन मल्टिमीटर आणि आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. गावातला जाणता वायरमन गुरुजी म्हणून बसवावा.

कोलशेतची शेतं गेली, ती परत येणार नाहीत. आपली अजून आहेत. त्या शेतावरच्या पेटीत काय चाललंय, हे घरातल्या एका तरी पोराला किंवा पोरीला कळलंच पाहिजे.