ज्यांनी गोल मोजले नाहीत, त्यांनी राग मोजला

धनराज पिल्लेवर मराठीत जे लिहिलं जातं, त्याचा साचा बहुतेक वेळा ठरलेला असतो. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतलं बालपण, मोडक्या स्टिक, टाकून दिलेले चेंडू, मग वाऱ्यासारखा धावणारा फॉरवर्ड, आणि शेवटी एक सुस्कारा : 'स्वभाव जरा तापट नसता, तर...' माझं भांडण या सुस्काऱ्याशी आहे. धनराज माझा हिरो आहे, तो बऱ्याच अंशी या तापट स्वभावामुळेच.

डिसेंबर 1998. बँकॉकच्या एशियाडमध्ये भारतानं हॉकीचं सुवर्ण जिंकलं, तब्बल 32 वर्षांनी. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटला, निकाल टायब्रेकरवर लागला. कर्णधार धनराज, गोलरक्षक आशीष बल्लाळ, प्रशिक्षक एम. के. कौशिक. सुवर्ण घेऊन परतलेल्या या तिघांनाही पुढच्या मालिकेआधी घरी बसवण्यात आलं. खेळाडूंच्या बाबतीत कारण सांगितलं 'विश्रांती'चं. खरं कारण मात्र कोणाला कळायचं राहिलं नव्हतं. धनराजनं भत्त्यांबद्दल आणि मानधनाबद्दल तोंड उघडलं होतं.

त्यानं राजवाडा मागितला नव्हता. परदेश दौऱ्यावर दिवस धड निघेल एवढा भत्ता आणि देशासाठी खेळल्याचं मानधन, एवढंच. आपल्या खेळाचं मोल त्याला ठाऊक होतं, कारण बाहेरचे लोक ते मोजत होते. फ्रान्समधलं ल्याँ, जर्मनीतलं स्टुटगार्ट, मलेशिया, ढाका, अशा ठिकाणचे क्लब त्याला बोलावून घेत होते. परक्या क्लबानं पैसे दिले तर तो 'प्रोफेशनल', स्वतःच्या संघटनेकडे मागितले तर 'उर्मट', हा न्याय कुठला?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखाद्या फुटकळ अ‍ॅपवर कोणी कुठलं बटण कितीदा दाबलं, याचीसुद्धा नोंद असते. म्हणून मला सगळ्यात जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. धनराज 1989 ते 2004 या काळात 339 आंतरराष्ट्रीय सामने खेळला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड. त्यानं गोल किती केले? अधिकृत आकडा नाही. 170च्या आसपास, असं अंदाजानं म्हणतात. भारतीय हॉकी महासंघानं आपल्या सर्वांत मोठ्या फॉरवर्डचे गोल मोजून ठेवले नाहीत. तो कधी, कोणावर, किती आवाजात चिडला, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

यावर नेहमीचं उत्तर येतं : खेळात शिस्त हवी, संघापेक्षा कोणी मोठा नसतो. मान्य. धनराज प्रत्येक वेळी बरोबर होता, असं माझं म्हणणं नाही. पण शिस्त शिकवणारे कोण होते, हेही पाहू या. 2008 साली भारत बीजिंग ऑलिंपिकसाठी पात्रच ठरला नाही. 1928 पासून असं कधी घडलं नव्हतं. त्याच वर्षी एका पदाधिकाऱ्यानं निवडीसाठी पैसे घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि ऑलिंपिक संघटनेला हा महासंघ निलंबित करावा लागला. संघापेक्षा मोठं कोण झालं होतं, हे तेव्हा उघड झालं. धनराज दहा वर्षं आधी ओरडत होता, तेव्हा आपण त्याच्या आवाजाची पट्टी तपासत बसलो होतो.

याचा दोष एकट्या महासंघावर टाकून मोकळं होता येणार नाही. 2000 साली सिडनीत पोलंडनं अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधली, भारताची उपांत्य फेरी हुकली आणि धनराज ढसाढसा रडला. ते अश्रू आपल्याला आवडले. गरिबीही आवडली. रडणारा, सोसणारा खेळाडू आपल्याला चालतो. तोच माणूस, तेवढ्याच पोटतिडकीनं 'माझे पैसे कुठे आहेत?' असं विचारू लागला, की आपल्याला संस्कार आठवतात. ऑफिसातही वेगळं काय चालतं? रात्री दोनपर्यंत जागून काम केलं की 'डेडिकेशन', त्याचा मोबदला मागितला की 'अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम'.

2018 पासून ओडिशा सरकार भारतीय संघाला प्रायोजकत्व देतं. टोकियो आणि पॅरिसच्या कांस्यपदकांनंतर खेळाडूंवर बक्षिसांच्या घोषणांचा पाऊस पडला. छानच झालं, ते त्यांच्या हक्काचंच आहे. आज त्याला कोणी हावरटपणा म्हणत नाही. मग 1998 साली तेच मागणाऱ्याला 'तापट' म्हणणं आता तरी थांबवा. आणि हॉकीच्या कारभाऱ्यांना खरंच त्याचा सन्मान करायचा असेल, तर आणखी एक शाल-श्रीफळ नको. जुनी स्कोअरशीटं शोधा, 339 सामने एकेक करून तपासा आणि त्याचे गोल मोजा.