पाळीचा कप आणि न विचारलेले प्रश्न

तलाक, पोटगी, शिक्षण, नागरिकत्व हे विषय सोडून संपादकीयात पाळी कुठून आली, असं काही वाचकांना वाटेल. पण बायकांच्या हक्कांबद्दल बोलताना आपण कायदा, न्यायालय, निकाहनामा यांवर भरभरून बोलतो आणि त्या बाईला स्वतःच्या शरीराची माहिती असावी की नाही, यावर मात्र गप्प राहतो. घरातही गप्प आणि सभेतही गप्प. गेल्या वर्षी मी मासिक पाळीचा कप वापरायला शिकले. नीट जमायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे अडथळे आले, त्यांतले फार थोडे त्या कपाचे होते. बाकीचे आपले होते. म्हणून हा विषय इथे घेते आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते, कारण अनेक भगिनींनी ती पाहिलेलीही नसेल. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनची, मऊ, घडी घालता येणारी छोटी घंटा म्हणा. ती योनीमार्गात बसते आणि रक्त शोषून न घेता आत साठवते. दर आठ ते बारा तासांनी काढायची, ओतायची, धुवायची, पुन्हा बसवायची. पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पाण्यात पाचेक मिनिटं उकळून ठेवायची. नीट निगा राखली तर एक कप अनेक वर्षं चालतो. किंमत साधारण ३०० रुपयांपासून १००० रुपयांपर्यंत. मला एका पाळीला सोळा-सतरा पॅड लागत, म्हणजे वर्षाला दोनशेच्या आसपास. हिशेब ज्याने त्याने करावा.

ही वस्तू नवीनही नाही. अमेरिकेत लिओना चाल्मर्स या अभिनेत्रीने १९३७ साली रबरी कपाचं पेटंट घेतलं होतं. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या मुलींना विचारलं, तेव्हा कप वापरणाऱ्या शंभरात एकसुद्धा निघाली नाही. निम्म्या मुली कापड वापरत होत्या. कापड वाईट नाही. स्वच्छ धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं कापड उत्तमच. पण आपल्या किती घरांत ते कापड उन्हात वाळतं? ते वाळतं ओढणीखाली, पलंगामागे, न्हाणीघरातल्या अंधारात.

आता शिकण्याबद्दल. पहिल्यांदा मी शनिवार निवडला, कारण ऑफिस नव्हतं आणि बाथरूमच्या दारावर कोणी थाप मारणार नव्हतं. हात साबणाने धुतले. उकिडवं बसले. आपल्या भारतीय पद्धतीच्या संडासावर बसायची जी सवय आहे, तीच इथे सगळ्यात उपयोगी पडते. कपाची वरची कड एका बोटाने आत दाबली की टोक निमुळतं होतं, मग तो आत सरकवायचा. दिशा सरळ वर नाही, कमरेच्या मणक्याकडे, थोडी तिरकी. आत गेल्यावर घडी उघडली पाहिजे. कपाच्या बुडाभोवती बोट फिरवून पाहायचं, कुठे दुमड लागली तर हलकेच फिरवायचं. पहिल्या दिवशी तो तीन प्रयत्नांत बसला आणि संध्याकाळी थोडं गळलंच. दुसऱ्या पाळीत गळणं थांबलं. तिसऱ्या पाळीत तो आत आहे हे मी विसरले.

काढताना खरी भीती वाटते. आत हरवला तर? हरवत नाही. वर गर्भाशयाचं तोंड असतं आणि त्यातून कप पलीकडे जाऊ शकत नाही. फक्त देठ धरून ओढायचं नाही, कारण आत हवेची पकड तयार झालेली असते. श्वास सोडायचा, पोटाने खाली जोर द्यायचा, बूड चिमटीत दाबून पकड सोडवायची आणि मग बाहेर घ्यायचा. कॉपर-टी बसवलेल्या बायकांनी हे विशेष सांभाळावं आणि आधी डॉक्टरांशी बोलावं. दुखत असेल तर थांबावं. ताप, उलटी, अंगावर पुरळ असं काही दिसलं तर कप ताबडतोब काढून दवाखाना गाठावा. असा संसर्ग फार दुर्मीळ आहे, पण माहीत असायला हवा.

‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. कप सुरक्षित आहे, गळती पॅडइतकीच किंवा कमी आहे, हात बसायला काही महिने लागतात आणि बरोबरीच्या मैत्रिणींची मदत असेल तर शिकणं सोपं जातं, असा त्याचा सारांश. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी शिकले ते ऑफिसातल्या एका सहकारी मैत्रिणीमुळे. तिला फोन करून मी विचारू शकत होते. माझ्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या कोणालाही विचारू शकत नव्हते.

कारण तिथे पहिला प्रश्न कपाचा नसतोच. प्रश्न असतो, “पण तुझं तर लग्न झालेलं नाही!” मी तिशी ओलांडली आहे, इंजिनीअर आहे, घरखर्चात माझा वाटा आहे. तरी हा प्रश्न मलाही आला. वीस वर्षांच्या मुलीला तो किती जोरात येत असेल! प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो आणि कोणी उघड बोलत नाही. कप वापरला तर पडदा फाटेल, आणि मग पहिल्या रात्री काय होईल?

उघडच बोलू या. योनिपटल हे बरणीवरचं सील नाही. तो योनीमुखाशी असलेला लवचीक पातळ पापुद्रा असतो. त्याला मुळातच वाट असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर कसं आलं असतं? प्रत्येकीचा आकार वेगळा असतो. कपाने तो ताणला जाऊ शकतो, हे लपवण्याचं कारण नाही. पण त्याच्या असण्या-नसण्यावरून कोणाचा कोणाशी संबंध आला होता की नाही, हे सांगता येत नाही. अनेक बायकांना पहिल्या संबंधात रक्त येतच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी २०१८ मध्ये कौमार्य तपासणीला कसलाही वैद्यकीय आधार नाही असं सांगून ती बंद करण्याचं आवाहन केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात बलात्कार पीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ करण्यास पुन्हा बजावून मनाई केली. महाराष्ट्रात कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी २०१८ मध्ये आपल्याच जातपंचायतीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध मोहीम उभी केली. त्यांनी बाहेरच्यांची वाट पाहिली नाही. आपल्याकडे पंचायत भरत नाही, एवढाच फरक. पांढऱ्या चादरीची कुजबुज आपल्याकडेही आहे.

आणि हे दीनच्या नावाने चालत असेल, तर दीन काय सांगतो तेही पाहावं. कुराणातल्या सूरह नूरमध्ये पाकदामन बाईवर आरोप करणाऱ्याकडे चार साक्षीदार मागितले आहेत. ते आणता आले नाहीत तर शिक्षा आरोप करणाऱ्याला सांगितली आहे. शंका घेणाऱ्यावर इतकं ओझं टाकणाऱ्या धर्मात मुलीच्या शरीरातल्या एका पापुद्र्याला साक्षीदार कोणी केलं? पैगंबरांच्या पत्नींपैकी हजरत आयेशा सोडल्या तर बाकी सगळ्या विधवा किंवा घटस्फोटित होत्या. कौमार्याला इज्जतीचं एकमेव माप ठरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पाळीतल्या ‘नापाकी’चंही तेच. त्या दिवसांत नमाज माफ आहे, रोजे नंतर पूर्ण करायचे आहेत. ही सवलत आहे. तिचं रूपांतर आपण लपवाछपवीत केलं. रमजानमध्ये पाळी आलेली मुलगी अब्बा-भाईजान घरात असताना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाठ फिरवून पाणी पिते, सहरीला सगळ्यांबरोबर उठून बसते, रोजा असल्याचं नाटक करते. हदीसमध्ये तर असं आहे की पैगंबरांनी आयेशांना मशिदीतून चटई आणून द्यायला सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या की मी पाळीत आहे. त्यावर पाळी काही तुझ्या हातात नाही, असं उत्तर मिळालं. मदिनेतल्या अन्सारी बायका पाळीनंतरच्या गुसलबद्दल थेट पैगंबरांना विचारत आणि दीन समजून घेताना त्यांना लाज आड आली नाही, म्हणून आयेशांनी त्यांचं कौतुक केलं आहे. चौदाशे वर्षांपूर्वी जे प्रश्न विचारता येत होते, ते आज आपल्या मुली अम्मीलाही विचारू शकत नाहीत. याला हया म्हणता येणार नाही. हयेच्या नावाखाली जोपासलेलं हे अज्ञान आहे.

या अज्ञानाची किंमत शरीर मोजतं. कपावर मिलिलिटरच्या खुणा असतात. माझ्यासारख्या आकड्यांत रमणाऱ्या बाईला ही फार मोठी सोय वाटली. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणं म्हणजे अतिस्राव, अशी वैद्यकातली जुनी मोजपट्टी आहे. पॅडवर हे कळत नाही. “मला जास्तच जातं” एवढंच सांगता येतं आणि त्यावर “सगळ्यांनाच जातं” हे उत्तर मिळतं. वर सांगितलेल्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका रक्तक्षयी आढळल्या. कारणं अनेक आहेत, पण दर महिन्याला किती रक्त जातं हे जिला माहीत आहे, ती डॉक्टरसमोर आकडा ठेवू शकते. तो आकडा मिळायला आधी ते रक्त पाहावं लागतं, किळस न करता.

कप हा सगळ्यांसाठी उपाय आहे असं माझं म्हणणं नाही. मला स्वतंत्र बाथरूम आहे, नळाला पाणी आहे. गोवंडी, मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या वस्त्यांत जिथे दहा घरांमागे एक संडास आणि बाहेर रांग, तिथे आत कप धुवायचा कसा? एका खोलीच्या घरात तो कोणत्या भांड्यात, कोणासमोर उकळायचा? तिथे कोणाला कापड सोयीचं, कोणाला पॅड. पण पॅड वापरणारीनेही तो कागदात गुंडाळून वेगळा द्यावा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायचं आवाहन केलं ते याचसाठी, की आपला वापरलेला पॅड दुसऱ्या बाईला उघड्या हाताने उचलावा लागू नये. आपली लाज आपण झाकतो आणि तिच्या हाताचा विचार करत नाही, हेही बदलायला हवं.

केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबलंगी हे गाव जानेवारी २०२२ मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त जाहीर झालं. तिथे अठरा वर्षांवरच्या बायकांना एचएलएल या सरकारी कंपनीमार्फत सुमारे पाच हजार कप दिले गेले. फक्त वाटप झालं असतं तर ते कप कपाटात पडून राहिले असते. तिथे प्रशिक्षणावर भर होता. आपण यातून घ्यायचं ते हेच: वस्तू नंतर, माहिती आधी.

म्हणून चळवळीसमोर मी तीन गोष्टी ठेवते. पहिली, आपल्या प्रत्येक महिला मेळाव्यात तलाकच्या सत्राबरोबर शरीराचं एक सत्र असावं, त्यात परिचारिका किंवा डॉक्टर बाईंनी चित्र काढून समजावावं, आणि चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारण्याची सोय असावी. दुसरी, वस्तीतल्या संडासाला आतून कडी, पाणी, दिवा आणि झाकणाचा डबा हवा, ही मागणी नगरसेवकाकडे आपण महिला हक्काची मागणी म्हणून करावी. तिसरी पुरुष कार्यकर्त्यांसाठी: मुलीचं लग्न ठरवताना, सून आणताना ‘पडदा’ हा शब्द घरात आला, तर तिथेच थांबवा. सभेत भाषण करण्यापेक्षा ते अवघड आहे, हे मला ठाऊक आहे.

१९६६ साली सात मुस्लिम बायकांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हाही घरातली गोष्ट रस्त्यावर आणली म्हणून बोलणारे होतेच. तलाक ही घरातली गोष्ट उरली नाही, कारण कोणीतरी ती पहिल्यांदा मोठ्याने बोललं. पाळीचंही तसंच होईल. आपल्या मुलीने कप वापरावा, पॅड वापरावा की कापड, हे तिने ठरवावं. मात्र ठरवण्याआधी तिने जे विचारायचं आहे ते विचारावं, आणि तिला खरं उत्तर देणारं घरात किमान एक माणूस असावं.